'एक तास फुकट' मिळतो म्हणे

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो आधी भाचीकडून आला, मग भिशीच्या ग्रुपवर. 'दिव्यांग सर्टिफिकेट आणा, एक तास फुकट मिळवा. लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते लिहून देणारा) म्हणजे सरळ कॉपी. बाकी दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर काही मिळत नाही आणि खासगी शाळेला कायदा लागूच नाही.' गंमत बघा, पहिल्या दोन वाक्यांत लूट चाललीय आणि तिसऱ्यात कुणाला काहीच मिळत नाही!

मी इथंच इंदूरला 26 वर्षं गणित शिकवलं, म्हणून आधी त्या तासाचा हिशेब. सीबीएसई तासाला 20 मिनिटं जादा देते, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 60. पेपर तोच, उत्तीर्ण व्हायचे गुणही तेवढेच. माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचं समीकरण तो तोंडी सोडवायचा, मी खडू खाली ठेवायच्या आत. वहीत मात्र 36 चे 63 व्हायचे आणि एक ओळ लिहायला त्याला इतरांच्या तीन ओळींचा वेळ लागायचा. जादा वेळात तो जास्त विचार करत नव्हता, अक्षरं काढत होता. नुसत्या वेळेनं मार्क मिळत असते, तर दोन तासांत पेपर संपवून खिडकीबाहेर बघत बसणारी माझी निम्मी मुलं पहिली आली असती.

लेखनिकाचं म्हणाल, तर अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक, त्यात कंस, हे दुसऱ्याला एकदा सांगून बघा. कंस कुठं संपला हे बोलून दाखवायला गणित पक्कं यावं लागतं. लबाडी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. त्यासाठीच 2018 च्या केंद्रीय सूचनांत अट घातली होती: स्वतःचा लेखनिक आणलात, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं. खोटेपणानं दिव्यांगांचा लाभ लाटला, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरं नुकसान करतं ते 40 टक्क्यांचं वाक्य. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांसाठी 40 टक्के लागतात, हे बरोबर. पण लेखनिकासाठी ती अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 फेब्रुवारी 2021 ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर 2022 मध्ये केंद्रानं 40 च्या खालच्यांसाठी, लिहायला अडचण असेल तर, वेगळ्या सूचना काढल्या. मात्र सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्या गल्लीतल्या एका आईनं हा मेसेज वाचून मुलीचा 30 टक्क्यांचा कागद कपाटात टाकला होता. मुलीची बोटं मिटत नाहीत.

खासगी शाळांबद्दल मेसेज अर्धा चुकतो. 2016 च्या कायद्याचं कलम 16 सरकारी मान्यता असलेल्या शाळांबद्दलही बोलतं, पण त्यात सरकारनं 'प्रयत्न करावा' अशी भाषा आहे. कायदा करणाऱ्यांनी इथं शब्द सैल ठेवला आणि शाळा त्याच फटीतून निसटतात. तरी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं 2012 पासून धरली जातात आणि तक्रारीसाठी भोपाळला दिव्यांगांचे आयुक्त आहेत.

2016 च्या त्याच कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचीही सोय आहे, ती मेसेजवाल्याला ठाऊकच नसावी. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, वर संस्कृत: डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होणं) असलेल्या इंदुरी मराठी पोराला याहून मोठा दिलासा कुठला?

ती आई परवा कागद घेऊन आली होती. तिला म्हटलं, आधी शाळेत जा. सीबीएसईकडे मागणी शाळेमार्फतच जाते, आणि पेपरच्या आदल्या आठवड्यात गेलीस तर बाई उशीर झालेला असेल.