स्टेजजवळचं टेबल

मामांच्या पंच्याहत्तरीला ते म्हणतील तिथे जेवायला जाऊ, असं बायको बोलून गेली आणि मामांनी लगेच त्या रेस्टॉरंटचं नाव घेतलं. शहरातलं एकेकाळचं बडं प्रस्थ. तिथे जेवून आलेला माणूस पुढे आठवडाभर, कुणी विचारो न विचारो, तिथे जेवून आल्याचं सांगत फिरायचा. मामा-मामी लग्नानंतर एकदा तिथे गेले होते. मामांचा तो आठवडा अजून संपलेला नाही.

दारातच एक जाडजूड रजिस्टर आणि त्यामागे काळ्या कोटातले कॅप्टन. कोपरांवर कोट झिजून चकाकत होता, पण इस्त्री कडक.

"रिझर्व्हेशन?"

"नाही केलं."

मी अनवाणी आल्यासारखं त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग मागे वळून हॉलवर नजर टाकली. चाळीसेक टेबलं, त्यातली भरलेली तीन. रजिस्टरवर बोट फिरवत, कपाळाला आठ्या घालत ते म्हणाले, "बघतो काही जमतंय का."

जमलं. स्टेजला अगदी खेटून. उरलेली छत्तीस टेबलं कुणासाठी राखली होती देव जाणे.

मेन्यूकार्ड चामड्याच्या बांधणीचं, दोन हातांनी धरावं लागेल असं. मी एका पदार्थावर बोट ठेवलं. "ते बंद झालं," वेटर म्हणाला. कधी, असं विचारलं तर म्हणाला, "मी इथे लागायच्या आधी." वेटर साठीचा होता.

स्टेजवर तिघं होती. पियानोवाले, व्हायोलिनवाले आणि गाणाऱ्या बाई. तिघांची वयं मिळून सहज दोनशेच्या घरात जावीत. बाईंचा आवाज मात्र अजून गोड होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. अडचण वेगळीच होती. बाकीची तीन टेबलं लांब होती आणि तिथली माणसं फोनमध्ये होती. म्हणजे गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायला उरलो आम्ही. पहिल्या गाण्याला मनापासून वाजवल्या, दुसऱ्याला सौजन्य म्हणून आणि चौथ्यापासून ती आमची ड्युटीच झाली. काटा खाली ठेवा, टाळ्या वाजवा, काटा उचला. गाणं कुठवर आलंय ते हेरून मधल्या कडव्यात घास उरकायचं तंत्र बायकोला जमलं. मी एकदा बाई नुसत्या श्वासासाठी थांबल्या तिथेच टाळ्या दिल्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती शाळेनंतर प्रथमच वाट्याला आली.

एरिक साती नावाच्या फ्रेंच संगीतकारानं १९१७ मध्ये 'फर्निचर संगीत' अशी कल्पना काढली होती. खुर्ची-टेबलासारखं खोलीत असावं, कुणी लक्ष देऊ नये, असं संगीत. १९२० साली पॅरिसमध्ये एका मध्यंतरात ते वाजवलं, तर लोक चक्क जागेवर येऊन कान देऊन बसले. साती त्यांना बोला, फिरा, ऐकू नका म्हणून विनवत राहिला. मला त्या लोकांची अवस्था नेमकी कळते. समोर जिवंत माणूस जीव ओतून वाजवत असताना सूप भुरकायची हिंमत होत नाही.

तेही सूप आलं असतं तर. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन संशोधकानं १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की रेस्टॉरंटात संथ संगीत असलं तर गिऱ्हाईक सरासरी ५६ मिनिटं टेबलावर रेंगाळतं, जलद असलं तर ४५. आमच्याकडे लय इतकी विलंबित होती की पंचेचाळिसाव्या मिनिटाला सूप आलं.

तोवर बोलणं जवळजवळ बंदच पडलं होतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला 'लोंबार परिणाम' म्हणतात; एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये तो दाखवून दिला. आम्ही आवाज चढवला, तसा पियानोही चढला. मामांच्या कानातल्या यंत्रातून पियानो दुप्पट, चमचे तिप्पट आणि आम्ही नाहीच. शेवटी त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. लगेच चेहरा उजळला. "वा! काय वाजवतात, जावईबापू!" ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले.

हे ऐकून व्हायोलिनवाले थेट आमच्या टेबलाशी आले. व्हायोलिन इतक्या जवळून वाजतं तेव्हा बघायचं कुठे, हे कुणी शिकवलेलं नाही. डोळ्यांत बघितलं तर अवघडल्यासारखं होतं, ताटात बघितलं तर भूक लागल्यासारखी दिसते. ती तर लागली होतीच. मी गजाकडे बघत राहिलो. त्याचं टोक माझ्या पाण्याच्या ग्लासापर्यंत यायचं आणि परत जायचं. गजाला लावलेल्या राळेची पांढरी भुकटी दिव्यात तरंगत अलगद माझ्या सुपावर उतरत होती. सुपावर साय धरली होती. भुकटी त्या सायीवर बसली.

"साहेब, काही फर्माइश?"

मामांना मामींबरोबर ऐकलेलं गाणं हवं होतं. शब्द आठवत नव्हते, म्हणून त्यांनी ते गुणगुणून दाखवलं, कानात यंत्र नसताना. व्हायोलिनवाल्यांनी मान कलती करून ऐकलं आणि एक धून धरली. मामांनी नकारार्थी बोट हलवलं. दुसरी, तिसरी. मामा दर वेळी नव्यानं गुणगुणायचे आणि दर वेळी ते वेगळंच गाणं असायचं. सातव्या धुनेला त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. आम्ही तिघांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग मामा माझ्या कानाशी वाकून कुजबुजले. यंत्राशिवायची ती कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत गेली असेल. "हे नव्हतं ते गाणं. पण त्यांचा हात भरून आला होता हो."

व्हायोलिनवाल्यांनी वाकून नमस्कार केला. "मलाही तसंच वाटत होतं, साहेब," म्हणाले आणि स्टेजवर जाऊन बसले.

सूप मी तसंच प्यायलो. पुढचं जेवण कसं होतं ते आठवत नाही, टाळ्या आठवतात.

निघालो तेव्हा हॉलमध्ये आमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. दाराशी कॅप्टन म्हणाले, "पुढच्या वेळी रिझर्व्हेशन करून या. ऐन वेळी फार धावपळ होते."

"बरोबर आहे तुमचं," मामा गंभीरपणे म्हणाले आणि पुढच्या वाढदिवसाची तारीख सांगितली.

कॅप्टननी रजिस्टरचं कोरं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं आणि मान वर करून विचारलं, "स्टेजजवळचं चालेल?"