आजीनं लोक वाचवले, हाच दोष

‘फायनल डेस्टिनेशन ब्लडलाइन्स’ हा भयपट ज्यांनी अजून पाहिला नाही, त्यांनी इथूनच मागे फिरा. कोण कसं मरतं ते सगळं सांगणार आहे. ते न सांगता या मालिकेबद्दल बोलायचं म्हणजे जत्रेला जाऊन खाजं न घेता घरी येणं.

२०११ च्या पाचव्या भागाबरोबर हे प्रकरण संपलं, असं मी धरून चालले होते. तो शेवट होताच तसा. पूल कोसळतो त्यातून वाचलेले दोघं शेवटी विमानात बसतात, आणि ते विमान निघतं २००० सालच्या पहिल्या भागातलं, हवेत फुटणारं फ्लाइट १८०. यापुढे सांगायला काय उरतं? मग १४ वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, झॅक लिपोव्स्की आणि अ‍ॅडम स्टाइन या दोघांनी सहावा भाग आणला. पणजीला जाऊन पाहिला. बरोबर भाचा होता. पहिला भाग आला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, पण मरणांची यादी त्याला माझ्यापेक्षा पाठ.

माझं मत सरळ आहे. २००३ च्या दुसऱ्या भागानंतर आलेला हा सगळ्यात चांगला भाग, आणि त्याचं श्रेय रक्ताच्या चिळकांड्यांना नाही, नातेवाइकांना आहे.

या मालिकेत कुणाला तरी अपघात आगाऊ दिसतो, काही जण वाचतात, आणि मग मृत्यू त्यांना एकेक करून गाठतो. आतापर्यंत मरणारे सगळे एकमेकांचे कोण? वर्गमित्र, ऑफिसातले सहकारी, नाहीतर हायवेवर एकाच वेळी असलेले अनोळखी लोक. मध्यंतरापर्यंत त्यांची नावंसुद्धा लक्षात राहत नसत. इथे एकच घराणं आहे. १९६८ मध्ये आयरिस नावाच्या मुलीला उंच मनोऱ्यावरच्या नव्या रेस्टॉरंटच्या उद्घाटनाला आगाऊ दिसतं की काचेची जमीन फुटणार, आग लागणार, सगळे जाणार. ती ओरडते, लोक बाहेर पडतात, शेकडो जीव वाचतात. मग मृत्यू वर्षानुवर्षं एकेकाला क्रमानं गाठत येतो. यादी एवढी लांब, की तोवर वाचलेल्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. ती मुळात जन्मायलाच नको होती, म्हणून तीही यादीत. आयरिस रानातल्या घराला तटबंदी करून वह्या भरत बसलेली, आणि मुलांच्या लेखी ती वेडी.

आपल्या गोव्यात हे ऐकल्यावर माणूस पहिलं काय विचारतो? जेवताना आईला गोष्ट सांगितली तर तिचा प्रश्न तयार: “तांचो कुळदेव खंयचो? कौल घेवंक ना?” (त्यांचा कुळदेव कुठला? कौल घेतला नाही का?) मी हसले, पण प्रश्न अगदी नेमका होता. घरात एकामागून एक काही वाईट घडायला लागलं की आपण देवळात कौल घ्यायला जातो, मूर्तीला कळ्या लावतात, उजवी पडली की डावी ते पाहतो, आणि कुणा पूर्वजाचं काय राहिलंय ते शोधतो. फेडायचा राहिलेला नवस असेल, लाटलेली जमीन असेल, काहीतरी निघतंच. मग गाऱ्हाणं, मग विधी. गावाची राखण करणारा देवचारसुद्धा रोट, सोरो (दारू) आणि विडी मिळाली की वाट सोडतो. आपल्या भुताखेतांशी बोलणी करता येतात हो!

या सिनेमात दोष कसला, तर आजीनं लोक वाचवले. पाप नाहीच, तर प्रायश्चित्त कशाचं घेणार? मला खुर्चीत गार वाटलं ते इथे, काचेच्या जमिनीपाशी नाही. पटकथेला हे पूर्ण उमगलंय असं मला वाटत नाही, कारण आयरिसला फार लवकर मारून टाकलं. नातीला, स्टेफनीला, खात्री पटावी म्हणून ती मुद्दाम दाराबाहेर पाऊल टाकते. प्रसंग जबरदस्त आहे, पण त्या बाईबरोबर मला अजून अर्धा तास हवा होता.

घराणं आणल्याचा दुसरा फायदा म्हणजे विनोद. मरणाचा क्रम लावताना पाळी येते स्टेफनीच्या मामेभावाची, एरिकची, आणि तो मरतच नाही. कारण? तो त्या बापाचा मुलगाच नाही, आईचं जुनं प्रकरण! घरातलं गुपित अशा वेळी बाहेर पडतं आणि तेच मुलाला वाचवतं. थिएटर हसून लोळत होतं. हा एरिक, कानानाकात कड्या घातलेला वाह्यात वाटणारा पोरगा, मला सगळ्यांत आवडला.

घरच्या पार्टीचा प्रसंग तर या मालिकेचं सगळं तंत्र दाखवतो. बर्फात काचेचा तुकडा पडतो, ट्रॅम्पोलिनखाली दंताळं पडलेलं असतं, आपण तेवढ्यावरच डोळे लावून बसतो, आणि स्टेफनीच्या मामाचा जीव जातो गवत कापायच्या मशीनखाली. खलनायक नाही, मुखवटा नाही, सुरा नाही. घरातल्या वस्तू तेवढ्या आहेत. दुसऱ्या भागातल्या ओंडक्यांच्या ट्रकनं जगभरच्या लोकांना हायवेवर घाबरायला लावलं म्हणतात. आम्ही डिचोलीवाले खनिजाच्या ट्रकमागे स्कूटर चालवत मोठे झालो, आम्हाला त्यासाठी सिनेमा लागला नव्हता.

आता तक्रारी. एमआरआयचा प्रसंग लोकांना फार आवडला, मला अर्धाच. यंत्र चुकून चालू होतं, चुंबकाचा जोर वाढत जातो आणि एरिकच्या कड्या खेचल्या जातात. प्रत्यक्षात रुग्णालयातल्या अशा यंत्राचं अतिवाहक चुंबक सहसा बंद केलेलंच नसतं, ते चोवीस तास चालू. खरी भीती तीच आहे. मुंबईत २०१८ च्या जानेवारीत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या माणसाचा जीव गेला होता, आणि तिथे कुणी कसलं बटण दाबलं नव्हतं. शांत दिसणारी खोली मुळातच धोक्याची आहे, हे दाखवलं असतं तर अंगावर काटा आला असता. त्याऐवजी यंत्राचा नुसता गडगडाट.

शेवटचा भागही घाईचा. मरून परत आलं तर साखळी तुटते, हा दुसऱ्या भागाचा नियम इथे परत काढला. स्टेफनी पाण्यात बुडते, भाऊ तिला शुद्धीवर आणतो, सगळं ठीक. मग डॉक्टर सांगतो की हृदय थांबलंच नव्हतं, फक्त शुद्ध हरपली होती. इथपर्यंत झकास! पण पुढच्याच मिनिटाला रेल्वे रुळावरून घसरते आणि ओंडके येतात, तेही सरळसरळ संगणकातले. दुसऱ्या भागाला मुजरा करायचा होता, कळलं. पण मुजऱ्यासाठी दोन माणसं मारलीत, निदान थोडा वेळ तरी द्यायचा.

आणि नट टोनी टॉड. पहिल्या भागापासून प्रेतांची व्यवस्था पाहणारा तो खर्जातला माणूस इतकं सगळं कसं जाणतो, याचं उत्तर इथे मिळतं. १९६८ च्या त्या रात्री वाचलेला लहान मुलगा तोच. गंभीर आजारी असताना त्यानं हे काम केलं. पडद्यावर इतका खंगलेला दिसतो की पहिल्यांदा ओळखायला क्षणभर गेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला तो गेला, सिनेमा त्याच्या मागे आला. निरोपाचं भाषण दिग्दर्शकांनी त्याच्यावरच सोडलं होतं, लिहिलेलं नव्हतं. तो टोपी उचलतो आणि निघतो. सगळ्या सिनेमात मरणाला न भिणारा तेवढा एक माणूस, आणि तो खरोखर मरत होता. भाचा तेवढा वेळ पॉपकॉर्न चावायचा थांबला. निर्मात्यांना एकच विनंती: त्या जागी दुसरा नट आणू नका.

माझी क्रमवारी: दुसरा, मग हा, मग पहिला, पाचवा, तिसरा. चौथ्याबद्दल चारचौघांत बोलू नये. तिसरा पाचव्याच्या वर हवा असं भाच्याचं म्हणणं आहे, रोलर कोस्टरसाठी. म्हापशात किंवा फोंड्यात त्याच्या बाजूचे कुणी असतील तर चहाला या, भांडू.