मालकांचं उत्तर: मैदा किलोभरच होता, कप दाबून भरला गेला

नमस्कार ताई. आमच्या दुकानातून नेलेल्या एक किलो मैद्याच्या पाकिटाबद्दल तुम्ही लिहिलेली तक्रार वाचली. त्या मैद्याचा वाढदिवसाचा केक कडक झाला, घरी पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाकिटासोबतच्या केकच्या कृतीच्या कार्डावर आम्ही ‘दीड कप मैदा’ एवढंच छापलंय, ग्रॅम दिलेले नाहीत. ती चूक आमचीच.

पण ‘किलोत आठ कप सांगतात, सव्वासहाच निघाले, वजनात मारतात’ हे वाक्य फार लागलं. आमचा काटा दरवर्षी वजनमापे खात्याकडून तपासून शिक्का मारून घेतो. पिशवीचं वजन वजा करून 1000 ग्रॅम भरतो. सोलापुरात लोक आमच्याकडे येतात ते त्या काट्यावर भरवसा ठेवून.

तुम्ही टाकलेल्या फोटोत कप थेट पाकिटात खुपसलेला आहे आणि वर बोटांनी दाबल्याची खूण दिसते. फरक तिथेच पडला. 240 मिलीच्या कपात मैदा चमच्याने हलका भरून वरून सुरी फिरवली तर 120 ते 125 ग्रॅम बसतो. कप बुडवून दाबून भरला तर तोच 150-160 पर्यंत जातो. 1000 भागिले 125 म्हणजे आठ कप, 1000 भागिले 160 म्हणजे बरोबर सव्वासहा. तुमचाच आकडा, ताई. मैदा कुठेच कमी नव्हता. ज्वारी पायलीने मोजताना शीग ठेवली की नाही एवढंच बघावं लागतं, कारण दाणा दबत नाही. पिठात हवा असते, म्हणून ते दबतं.

आता केकचं. दीड कप म्हणजे साधारण 190 ग्रॅम मैदा हवा होता, तुमच्याकडून 240 पडला. पन्नास ग्रॅम जादा, आणि दही तेवढंच एक कप, तेल अर्धा कप. मग बॅटर चमच्यावरून धारेने न पडता गोळ्याने पडतं. ते सैल व्हावं म्हणून तुम्ही बीटरने बराच वेळ फेटलंत असं लिहिलंय. मैदा घातल्यावर जितकं फेटाल तितकं ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं, आणि केक चिवट होतो. वरचा तडा आणि आतला कोरडेपणा जादा मैद्याचा. त्यात ओव्हनचा किंवा आमच्या बेकिंग पावडरचा दोष नाही.

साखरही तपासा. पाऊण कप दाणेदार साखर 150 ग्रॅम भरते, पिठीसाखर तेवढ्याच मापात 90 च्या आसपास. ‘गोड कमी’ म्हणालात, ते बहुधा पिठीसाखर घातल्यामुळे. कपाचे ग्रॅम करायला सगळ्या जिनसांना एकच आकडा चालत नाही. शिवाय ‘एक कप चाळलेला मैदा’ आणि ‘एक कप मैदा, चाळून’ ही दोन वेगळी मापं आहेत. आधी चाळून मग मोजला तर कपात आणखी कमी बसतो.

घरचा चहाचा कप तर वापरूच नका. कोणताही कप काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, काठोकाठ पाणी भरा. 240 ग्रॅम आलं तर कप 240 मिलीचा. काही सेट 250 चे असतात, तेही चालतील, फक्त सगळं त्याच सेटने मोजा. काटा असेल तर कप बाजूला ठेवून सरळ 190 ग्रॅम मैदा घ्या.

‘फोन उचलत नाहीत’ असंही लिहिलंय. तुमचा फोन रात्री पावणेदहाला आला, दुकान नऊला बंद होतं. सकाळी आम्ही दोनदा लावला, लागला नाही.

कार्डावर ग्रॅम लवकरच छापून घेतो, बाकीचंही बघतो. तुमच्याकडे उरलेलं दुसरं बंद पाकीट घेऊन या, तुमच्या समोर काट्यावर ठेवू. 1000 ग्रॅम भरलं तर ‘वजनात मारतात’ एवढी ओळ तरी कृपया काढा. बाकी तक्रार राहू द्या.