कानातल्या 'कुईं'वर लसणाचं तेल? खुलासा

गणपती विसर्जनानंतर एक मेसेज फिरतोय: 'कानात शिट्टी वाजणं म्हणजे नसांची कमजोरी. लसूण कढवलेलं कोमट तेल तीन रात्री घाला, आवाज कायमचा बंद.' हे चुकीचं आहे.

हा आवाज (टिनिटस) रोग नसून लक्षण आहे. ढोल-ताशा किंवा डीजेच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभं राहिलं की आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी दुखावतात. ऐकू येण्याचे संकेत कमी पडले की मेंदू जणू स्वतःच आवाज तयार करतो. तेल कानाच्या पडद्याच्या अलीकडेच राहतं, त्या केसपेशींपर्यंत पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र ते आत जाऊन जंतुसंसर्ग वाढवू शकतं. 'तीन रात्रींत गुण आला' म्हणणारेही खोटं बोलत नसतील. गोंगाटानंतरची कुईं बहुधा एक-दोन दिवसांत आपोआपच ओसरते.

कधी कारण साधं असतं, कानातला मळ. तो डॉक्टरांकडून काढून घ्या, काडीने नको.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केला तरच जास्त. आवाज नाडीच्या ठोक्यासारखा असेल, एकाच कानात टिकून राहिला किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी तपासणी हवीच. डोक्याला मार लागल्यावर किंवा चेहरा वाकडा झाल्यास थेट इस्पितळ.

जुन्या आवाजावर हमखास गोळी नाही. पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने, शिवाय समुपदेशनाने त्रास बराच हलका होतो. रात्री पंख्याची घरघरही कामी येते.