‘फिल्टर लावा आणि बिनधास्त पाठवा’ हे खरं नाही

गेले काही दिवस एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘फोटो-व्हिडिओ पाठवायला घाबरू नका, फक्त आधी फिल्टर लावा. फिल्टरमुळे चेहरा ओळखू येत नाही. नंबर किंवा पत्त्यावर पेन फिरवला की तो कायमचा जातो. फोटोतलं लोकेशन आपोआप पुसलं जातं. अ‍ॅप एनक्रिप्टेड असल्यामुळे फिल्टर लावताना फोटो कोणालाच दिसत नाही. आणि “एकदाच पाहा” निवडलं तर मागे काहीही उरत नाही.’

मला तो तिघांकडून आला आणि तिघांनीही काळजीपोटीच पाठवला होता. म्हणून उत्तर देतोय. फिल्टर वापरू नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. भाच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मीही मांजराचे कान लावतो. पण फिल्टर हा नटण्याचा प्रकार आहे, लपण्याचा नाही. हा मेसेज नेमकी त्याचीच गल्लत करतो.

सगळ्यात आधी पेनाचा मुद्दा घेतो, कारण यात माणसं रोज फसतात.

मागे मावशीला कुणीतरी ओळखपत्राचा फोटो मागितला. तिने शहाणपणाने नंबरावर काळा पेन फिरवला आणि पाठवण्याआधी मला दाखवला, ‘बघ रे, बरोबर झाकलाय ना?’ दिसायला काळी पट्टी अगदी गडद होती. मी तो फोटो माझ्या फोनवर घेतला, एडिटमध्ये जाऊन उजेड आणि सावल्यांचे स्लायडर टोकापर्यंत सरकवले. काळ्याचं करडं झालं आणि त्या करड्यातून आधी एक सात, मग दोन शून्यं, मग सगळा नंबर वर आला. मावशी गप्पच झाली.

कारण साधं आहे. बऱ्याच फोनांत एडिट करताना जे पेन मिळतात त्यांत एक हायलायटर असतो. तो मुळातच अर्धपारदर्शक असतो, खालची अक्षरं वाचता यावीत म्हणूनच बनवलेला. तो चारदा फिरवला की डोळ्यांना काळं दिसतं, पण खालच्या अक्षराचा आणि कागदाचा रंग यांत थोडा फरक उरतोच. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, फाइलमध्ये मात्र असतो. पक्क्या रंगाने भरलेला चौकोन वापरला तर हा धोका नाही.

चौकोनी ठिपक्यांनी धूसर करण्याच्या फिल्टरचीही तीच गत. खाली छापील आकडे असतील तर शक्यता मोजक्याच उरतात. त्याच टाइपातले शून्य ते नऊ आकडे तसेच धूसर करून जुळवत बसायचं. हे काम संगणक न कंटाळता करतो. मजकूर झाकायला धूसर फिल्टर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कापलेला फोटो? त्याचंही एक उदाहरण आहे. २०२३च्या मार्चमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनांमधला एक दोष उघड झाला. स्क्रीनशॉट कापून सेव्ह केला तरी कापलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेवटी तशीच पडून राहायची आणि त्यातला बराच भाग परत मिळवता यायचा. पुढे अपडेट आलं, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली दुरुस्त होत नाहीत.

आता चेहऱ्याचं. ‘फिल्टरमुळे चेहरा ओळखू येत नाही’ हे वाक्य नेमकं उलटं आहे. फिल्टर काम करतो तोच मुळी चेहरा बारकाईने मोजून. मीडियापाइप या, अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनसंचातलं एक प्रचलित मॉडेल चेहऱ्यावर ४६८ बिंदू धरतं. त्या बिंदूंच्या जाळीवर कान, चष्मा, गुळगुळीत त्वचा चढवली जाते. व्हिडिओत तोंडावरून हात फिरवा किंवा मान पूर्ण बाजूला वळवा, जाळी क्षणभर सुटते आणि खरा चेहरा समोर येतो. तेवढी एक फ्रेम थांबवून ठेवता येते. शिवाय आवाज आपलाच, खोली आपलीच, गळ्यापाशी असलेला तीळही आपलाच.

चेहरा मुद्दाम विद्रूप केला तरी भरवसा नाही. २००७ मध्ये इंटरपोलने मुलांवरील अत्याचाराच्या एका प्रकरणात एका संशयिताचा फोटो जगासमोर ठेवला. त्याने इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंत आपला चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन तज्ज्ञांनी तो पीळ उलट दिशेने सोडवला. काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. पिळण्याने पिक्सेल, म्हणजे फोटोतले रंगाचे बारीक ठिपके, इकडचे तिकडे होतात, नाहीसे होत नाहीत, म्हणून ते जवळपास जागेवर आणता आले. तिथे त्याचा फायदा कायद्याला झाला, पण तंत्र कुणाच्याही हाती असू शकतं. २०१६ मध्ये टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी दाखवलं की ठिपक्यांनी वा ब्लरने झाकलेले चेहरेही शिकवलेला संगणक पुष्कळदा ओळखतो. त्यासाठी झाकलेला चेहरा उघडावाही लागत नाही. कोणकोण असू शकतं त्यांचे फोटो हाताशी असले की पुरतं.

लोकेशनबाबत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो नव्याने दाबून लहान केला जातो आणि त्यात दडलेले अक्षांश-रेखांश निघून जातात. हे अ‍ॅप करतं, फिल्टर नव्हे. फोटोची प्रत चांगली राहावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. गॅलरीत फिल्टर लावून सेव्ह केलेल्या फोटोतही लोकेशन बहुधा कायम असतं. एकदा फोटोची माहिती उघडून बघा, नकाशा दिसेल.

२०१२च्या डिसेंबरमध्ये पोलिसांना चुकवत फिरणारे जॉन मॅकॅफी, अँटीव्हायरसवाले, असेच उघडे पडले. सोबतच्या पत्रकारांनी काढलेला त्यांचा फोटो संकेतस्थळावर आला आणि फाइलमध्ये ते ग्वाटेमालात असल्याचे अक्षांश-रेखांश होते. फोटोत काय दिसतंय याची सगळ्यांनी काळजी घेतली होती की नाही, याने काहीच फरक पडला नसता.

‘एनक्रिप्टेड आहे’ हा मुद्दा ऐकायला भारदस्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६च्या एप्रिलपासून सगळ्या संभाषणांना टोकापासून टोकापर्यंत एनक्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच उघडता न येणारं कुलूप, दिलं हे खरं. पण ते कुलूप लागतं पाठवताना. फिल्टर लागतो त्याच्या आधी. फिल्टरसाठी वेगळं अ‍ॅप घेतलं असेल तर त्या अ‍ॅपने फोटोचं काय केलं याच्याशी व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलपाचा संबंधच नाही. २०१९ मध्ये फेसअ‍ॅपवर जगभर लोक स्वतःला म्हातारं करून बघत होते. ती प्रक्रिया फोनवर नव्हे, कंपनीने घेतलेल्या सर्व्हरवर होत होती. बहुतेक फोटो ४८ तासांत पुसले जातात असं कंपनीने नंतर सांगितलं, पण तोवर फोटो गेलेले होते.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. आधी वापरलेला फिल्टर इंटरनेट बंद करून लावून बघा. चालला तर निदान ते काम फोनवर होतंय. चालला नाही तर फोटो बाहेर जात असण्याची दाट शक्यता आहे. चालला म्हणजे नंतर कधीच काही पाठवलं जाणार नाही, अशी हमी मात्र यातून मिळत नाही. अ‍ॅपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटोंचीच परवानगी द्या.

‘एकदाच पाहा’बद्दल फार लिहायला नको. स्क्रीनशॉट अडवला तरी समोरच्याच्या दुसऱ्या हातात दुसरा फोन असू शकतो.

मावशीने तो फोटो पाठवला नाही. तिने कागदाची एक पट्टी कापली, ओळखपत्रावर नंबराच्या जागी ठेवली आणि नवा फोटो काढला. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘आता सरकव तुझे ते स्लायडर.’ मी सरकवले. पट्टी पांढरीफटक झाली, आकडा एकही आला नाही.