‘पेट्रोलही काढून घेतलं’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी शनिवार ते सोमवार अडकली, काकांना रिक्षाने फिरावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. टाकीतून इंजिनला पेट्रोल पाठवणारा, टाकीतच बसवलेला पंप बिघडला म्हणून शनिवारी संध्याकाळी गाडी टोचन करून आली, रविवारी पार्टची दुकानं बंद. आणि पेट्रोलची टाकी मी रात्री बल्ब लावून कुणालाच उघडू देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

तुम्ही लिहिलंय, ‘ऑनलाइन 1,200 रुपयांना मिळणाऱ्या पंपाचे 7,430 घेतले, वर टाकीतलं पेट्रोलही काढून घेतलं.’ तुम्ही पुण्यात असता, गाडी काकांनी दिली आणि काकांनीच नेली, म्हणून सगळं सांगतो.

आधी पैशाचं. ऑनलाइन 1,200 ला दिसते ती नुसती मोटर. आम्ही बसवली ती पूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटर, जाळी, प्रेशर रेग्युलेटर, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) सगळं एकत्र, ओरिजिनल, 5,150 ला. पार्टवरचा जीएसटी 28 चा 18 झाला तो 2025 च्या सप्टेंबरात, त्यामुळे आधीपेक्षा स्वस्तच पडली. टाकी उतरवून चढवायची मजुरी 1,200. कडक झालेला पेट्रोल पाइप आणि क्लिपा 380. टोचन 700. बेरीज करून बघा. तुमची अल्टो 2007 ची. काही गाड्यांत मागची सीट उचलली की खाली झाकण असतं, तिथूनच पंप निघतो. या गाडीत ती सोय नाही, पूर्ण टाकी खाली घ्यावी लागते. पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले, दोन तर तापवून काढले. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आम्ही डायरेक्ट पंप बदला म्हटलं असंही नाही. फ्यूज, रिले तपासले, पंपाच्या सॉकेटला करंट येतोय हे बघितलं, गेज लावलं. जिथे तीन बारच्या आसपास प्रेशर पाहिजे तिथे दीडच्या पुढे काटा जाईना. टाकी उतरवली तर आत लोकल मोटर, प्लास्टिकच्या टायने आवळून बसवलेली. म्हणजे तुम्ही म्हणताय तीच 1,200 वाली आधी कुठेतरी बसवून झाली होती आणि तिनेच दम सोडला होता! काकांना तिथेच दाखवली, फोनवर रेट सांगितला, ‘घाला ओरिजिनल’ म्हणाले तेव्हाच पार्ट मागवला. जुना पंप डब्यात घालून डिकीत ठेवलाय. काढून बघा, टाय अजून त्यावरच आहे.

बिल जास्त वाटलं, ठीक आहे, तो तुमचा हक्क. पण पेट्रोलचं लिहिलंत ते मात्र फार लागलं. गॅरेज माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. गिऱ्हाइकाच्या गाडीत राहिलेली चिल्लर आम्ही पाकिटात घालून परत देतो. काल एक जण गाडी लावताना काट्याचा फोटो काढून गेला, माझ्यासमोर. काही बोलला नाही, पण कशावरून ते मला कळलं.

गाडी दिली तेव्हा काटा अर्ध्यावर होता आणि परत आली तेव्हा पावाच्याही खाली, असं तुमचं म्हणणं. खरं आहे, तसंच होतं. काटा चालतो फ्लोटवर आणि फ्लोट असतो पंपाच्या असेंब्लीवर. ती लोकल मोटर ज्याने कोंबली त्याच्या हातून फ्लोटची तार वाकली होती, त्यामुळे काटा कायम वर दाखवायचा. अल्टोची टाकी 35 लिटरची. अर्धी असती तर सतरा-अठरा लिटर निघालं असतं. निघालं किती? पाच लिटरचा एक कॅन भरला आणि दुसरा निम्म्याच्या थोडा वर. काका समोर बाकड्यावर चहा घेत बसले होते, त्यांच्यादेखत ओतलं. तळाचं अर्धा लिटर चहाच्या रंगाचं होतं, गंज आणि पाणी. ते नव्या पंपात घालणं म्हणजे परत तेच दुखणं, म्हणून फेकलं आणि फेकताना काकांना सांगितलं. बाकी फडक्यातून गाळून टाकीत परत. नवा फ्लोट खरं दाखवतोय, एवढंच. काकांना एकदा विचारा तरी.

अजून एक, राग मानू नका. काटा खोटं दाखवत होता म्हणजे काका अर्धी टाकी समजून पाव टाकीच्याही खाली गाडी पळवत होते. पंपाची मोटर पेट्रोलात बुडून गार राहते. पेट्रोल तळाला गेलं की ती तापते आणि तळाचा गाळही ओढते. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका म्हणून काकांना सांगितलंय, तुम्हीही सांगा. पंप कंपनीचा आहे, बिल जपून ठेवा, काही वाटलं तर गाडी घेऊन या, बघून देऊ.

बिलात सगळं जरा फोड करून लिहायचं आता बघतोय. टाकी उतरवायची असली की काट्याचा फोटो आम्हीच काढून पाठवू, पोरांना तसं सांगितलंय.

महाग वाटलं तर एक स्टार राहू द्या, मी काही म्हणणार नाही. तेवढं पेट्रोलचं वाक्य काकांशी बोलून काढता आलं तर काढा. इथे काम करणारी दोन पोरं हे वाचतात, त्यांच्या घरचेही वाचतात.

आपला,
गॅरेज मालक, मिरज