बॉनेटवर वाढदिवस

माझ्या गाडीच्या बॉनेटवर 'शुभेच्छुक' असं उमटलं आहे. उलटं. त्याच्या वर अर्धी मिशी, गॉगलची एक काच आणि नमस्कारासाठी जोडलेल्या दोन हातांपैकी अंगठीवाला एक. रंग फिकट गुलाबी, पण गाडी पांढरी असल्यामुळे वाचता येतं. गल्लीत ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना शेजारच्या अप्पांनी वाचून दाखवलं.

झालं असं, की गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, संपला आणि आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलो. तिच्या सोसायटीत आमच्या गाडीला जागा नव्हती. तिथं दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये चप्पल काढली तरी ग्रुपवर फोटो येतो. म्हणून गाडी इथंच, जुळे सोलापुरात, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजात. किल्ली अप्पांकडं. मृगाच्या तोंडावर परत आलो, शटर वर केलं, आणि समोर हे.

पण जाण्याआधी मी काय काय केलं होतं ते ऐकाच, म्हणजे माझा जीव का जळतो ते कळेल. नळाला पाणी येण्याचा दिवस गाठून गाडी धुतली. दाराच्या कडा, रबराच्या खाचा, डिकीचं झाकण, सगळीकडचं पाणी टिपून घेतलं, कारण गंजाची सुरुवात अशाच जागी होते. मग व्हॅक्स. साधंसुधं नाही, कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरचं. हँडब्रेक ओढला नाही, महिनोन्महिने ओढून ठेवला की लायनिंग ड्रमला चिकटतं. त्याऐवजी गिअर टाकून चाकांना लाकडी ठोकळे लावले. टायर एका जागी दबू नयेत म्हणून हवा थोडी जास्त भरली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. उंदरांसाठी डांबरगोळ्या. आणि या सगळ्यावर आतून मऊ सुती अस्तराचं, हवा खेळती ठेवणारं, खास मागवलेलं कव्हर. हे सगळं बघत ही ओट्यावर उभी होती. म्हणाली, "माझ्या बाळंतपणाला एवढी तयारी केली नव्हती."

अप्पांबद्दल आधीच सांगतो, माणूस सोन्यासारखा आहे. तीच तर अडचण आहे. आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात डाईंग मास्तर होते. सूत रंगवून रंगवून त्यांच्या नखांच्या कडा अजून निळसर आहेत. रंग या विषयावर त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही.

"अप्पा, हे काय?" मी विचारलं.

"काय?"

"हे. बॉनेटवर."

अप्पांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, गुडघ्यावर हात टेकून वाकले, बोट फिरवत फिरवत वाचलं. "शुभेच्छुक," ते म्हणाले. "उलटं हाय."

"ते मला दिसतंय."

"मग विचारूलालाव कशाला?"

मग त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. त्याचं टोक जिभेवर ओलं केलं, अंगठ्यावर ताणून धरलं आणि 'च्छु'वर घासलं. गोल नाही, सरळ, पुढं-मागं, एकाच ताकदीनं, चाळीस वर्षांच्या सवयीनं. घासून झाल्यावर रुमाल बाहेर उन्हात नेला, डोळ्याजवळ धरला, उलटा करून पाहिला. कापडाचा रंग सुटतो का ते असंच बघतात. निकाल लागेपर्यंत मी गॅरेजात आरोपीसारखा उभा.

"उतरत नाय," अप्पा परत आले. चेहऱ्यावर समाधान. "पक्का बसलाय. कुणी छापलाय म्हायीत नाय, पण माणूस कामाचा हाय."

"अप्पा, तो बसायलाच नको होता ना!"

"त्यात त्याची काय चूक? तुमच्या गाडीचा रंग कच्चा हाय, मालक. पक्क्या रंगावर दुसरा रंग बसत नस्तो."

इथं मी एक दीर्घ श्वास घेतला आणि त्यांना समजावायला गेलो. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि त्यावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. चकाकी म्हणतात ती या वरच्या थराची. त्याची जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन. डोक्यावरचा केससुद्धा साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो.

"मायक्रॉन म्हंजे किती?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग."

अप्पांनी हिशेब केला. "मग ते असून नसून सारखंच की वो."

यावर काय बोलणार? मी म्हणालो, निदान उलटं तरी नको होतं. तर म्हणाले, "चादर उलटी करून बघा. आमच्या कारखान्याचं नाव मागनं उलटंच दिसतंय. कुणी तक्रार केली न्हाई आजवर."

अप्पांनी गाडीवर पांघरलेला हा वाढदिवसाचा फ्लेक्स आला कुठून, हा प्रश्न सोलापुरात विचारायचा नसतो. चौकात वाढदिवस होतो, वाढदिवस उतरतो, आणि मग त्याचं आयुष्य खरं सुरू होतं. कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स, गळक्या पत्र्यावर फ्लेक्स, भाजीवाल्या मावशीच्या डोक्यावर फ्लेक्स, गच्चीत कुरडया वाळत घालायला फ्लेक्स. आमच्या मागच्या गल्लीत एका म्हशीवर पावसाळाभर एक भावी नगरसेवक होते. सगळ्या कुटुंबाचे फोटो, खाली पासपोर्ट आकाराच्या साठ कार्यकर्त्यांची रांग, आणि वर ज्या नेत्यांना हा वाढदिवस आहे हे ठाऊकही नाही त्यांचे आशीर्वाद. एवढ्या मोठ्या कापडाचं करायचं काय, हा प्रश्न लोकांनी आपल्या परीनं सोडवलाय, त्याला माझी ना नाही. म्हशीची कातडी मायक्रॉनमध्ये मोजत नाहीत.

गाडीचं तसं नाही. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. ते कडक होऊ नये म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ऊन तापलं की ते बाहेर येतं आणि ज्याला चिकटलेलं असेल त्यात शिरतं, येताना शाईलाही सोबत आणतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तो सावलीत. पत्र्याच्या गॅरेजात काय होत असेल ते त्या गॉगलवाल्यालाच माहीत. त्यात प्लास्टिकला घाम जिरवता येत नाही. रात्री गारव्यानं आत दमट होतं, सकाळी तो दमटपणा जायला वाट नाही. टपावर ढगासारखे पांढुरके डाग पडलेत ते त्याचे. म्हणून तर कव्हर सुती घेतलं होतं!

"अप्पा, कव्हर कुठं आहे?"

हा प्रश्न विचारला आणि अप्पांचा चेहरा उजळला. "या की घरी."

त्यांच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात लग्नाचे शालू असतात त्या कप्प्यात, पांढऱ्या पंचात गुंडाळलेलं, कडांना कडा जुळवून घडी घातलेलं, माझं कव्हर. इस्त्री केलेलं असावं, अशी मला दाट शंका आहे. मध्ये चार डांबरगोळ्या. त्याही माझ्याच, इंजिनाजवळच्या.

"एवढं भारी कापड," अप्पा हळुवारपणे म्हणाले. "धुळीत खराब झालं अस्तं. तुमी गेलाव त्याच दिवशी काढून ठेवलं."

कव्हर आहे नवंकोरं. गाडी खराब झाली. काकू मागून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी लई जपलं बघा. पोरांना हात लावू दिला न्हाई."

मी चहा प्यायलो. दुसरं काय करणार? आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला अप्पांनी सहज सांगितलं, की गाडीला कुणीतरी तेलकट काहीतरी फासलं होतं, तेही त्यांनी पुसून काढलं. फार वेळ लागला, म्हणाले. ब्राझील गेलं.

"कशानं पुसलं?"

"टॉवेल हाय की आपला. रोज सकाळी एक हात मारत होतो. फ्लेक्स उचलायचा, पुसायचं, परत टाकायचं."

"कोरड्या टॉवेलनं?"

"मग? चार-पाच दिवसांनी पाणी येतंय. माणसं आंघोळ करतील का गाडी?"

बरोबर आहे. याला उत्तर नाही. उजनी भरून वाहू दे नाहीतर आटू दे, आमच्या नळाला त्याचं सोयरसुतक नाही. गल्लीसमोरचा रस्ता ड्रेनेजसाठी खणला, बुजवला, मग कुणाला तरी केबल आठवली म्हणून पुन्हा खणला. त्या खडीची पीठासारखी धूळ शटरच्या फटीतून रोज आत येणार, आणि अप्पा ती रोज सकाळी कोरड्या टॉवेलनं, प्रेमानं, गोल गोल, माझ्या क्लिअर कोटात घासणार. पेंटरला सँडपेपर मारायला पैसे द्यावे लागतात. मला ही सेवा घरपोच, विनामूल्य, आणि वर उपकार. मोबाईलची बॅटरी दारावर धरली की उजेडाभोवती बारीक ओरखड्यांची वर्तुळं उमटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मी ती अप्पांना दाखवली. ते म्हणाले, "बघा, चकाकी आली की नाय!"

मी पैसे देऊन कुणाला ठेवलं असतं तर त्याला शटरबाहेर उभं करून चार शब्द सुनावले असते. भरपाई मागितली असती. गेला बाजार, रागानं चहा तरी नाकारला असता. पण इथं माणूस भर उन्हाळ्यात, गुडघे दुखत असताना, रोज सकाळी उठून माझ्या गाडीला हात लावून गेलाय. त्याच्यावर ओरडायची सोय नाही. उलट हिनं पुण्याहून आणलेली बाकरवडी आणि नातवाच्या बारशाचा शर्टपीस मलाच घेऊन पाठवलं. मी तो शर्टपीस दिला, "फार केलंत अप्पा," असं म्हणालो, आणि खरं सांगतो, ते वाक्य इतकं मनापासून मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

पेंटिंगवाल्याकडं गेलो. त्यानं बॉनेटभोवती एक फेरी मारली आणि मला पहिला प्रश्न विचारला तो, "भाऊंचं काम करता काय?"

नाही म्हटलं तर त्याला पटेना. लोक काचेवर स्टिकर लावतात, झेंडा लावतात. बॉनेटवर थेट मिशी उतरवून घेणारा निष्ठावंत त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याचा आवाज एकदम अदबीचा झाला. मग म्हणाला, रबिंग कंपाउंड मारून बघू, पण तेही वरचा थर खरवडूनच काढणार. अप्पांनी आधीच बराच काढलाय. जास्त घासलं तर आतला रंग उघडा पडेल. ओरखडे जातील, डाग फिके होतील, शाई आत उतरली असेल तेवढी राहील. पूर्ण घालवायची तर बॉनेट नव्यानं रंगवायचं. मग ते एकटं नवं दिसणार आणि बाकीची गाडी जुनी. मग सगळीच रंगवा. त्यानं सांगितलेला आकडा मी हिला सांगितलेला नाही.

गाडी परत आणताना सात रस्त्याला माझ्यापुढं एक रिक्षा होती. ॲम्ब्युलन्सवर अक्षरं उलटी का लिहितात ते तुम्हाला माहीत असेलच. त्या रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि रिक्षा डावीकडं घेऊन मला हातानं पुढं जायची खूण केली. सोलापुरात मला आजवर कुणी साइड दिलेली नाही. मी पुढं जाताना त्यानं रिक्षातून ओरडून विचारलं, "भाऊंना सांगा, आमच्याकडं पाणी कधी सोडनार?"

मी मान डोलावली. सांगतो म्हणालो.

आता पुढचा प्रश्न. दिवाळीनंतर पुन्हा पुण्याला जायचंय, कारण नातवाची आजी त्याच्याशिवाय राहू शकत नाही. गाडी इथंच राहणार. तेव्हा काहीही करून गॅरेजची किल्ली अप्पांकडून परत घ्यायची, पण त्यांना वाईट वाटता कामा नये. दोन रात्री डोकं लढवून मी एक युक्ती काढली. संध्याकाळी ते पायरीवर शेंगा सोलत बसले होते. मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "अप्पा, ती किल्ली जरा द्या बरं. डुप्लिकेट करून आणतो, हरवली-बिरवली तर पंचाईत नको."

अप्पांनी हात झटकले. "त्याची काळजी करू नका, मालक. मी कवाच करून ठेवल्यात तीन. एक धाकट्याकडं असती. मी गावाला गेलो तर त्यो पुसतो की."